'मरीन' फर्स्ट एड पेटी: डबा समुद्राचा, आतला माल मोटारीचा

डब्याला पाच तारे, आतल्या मालाला दोन. सरासरी साडेतीन येते आणि साइटवर मी तेवढेच दिलेत, पण त्यावरून कोणाला काही कळायचं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. होडी असलेल्यांनी आणि होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांनी वाचावं. मोटारीच्या डिकीत ठेवायला पेटी हवी असेल तर ही बिनधास्त घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

मी रेवदंड्याचा. नोकरी सगळी मर्चंट नेव्हीत, शेवटी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. आता फायबरची एक होडी आहे, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन, मदतीला भाचा. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याकडचे हौशी लोक येतात, त्यांना कुंडलिकेच्या खाडीत नाहीतर कोर्लईच्या किल्ल्याखाली खडकांच्या बाजूला नेतो. जिताडा सगळ्यांना हवा असतो, गळाला लागतो बहुतेक शिंगाळा. आमच्या लहानपणी गरवणं म्हणजे हातात तंगूस (नायलॉनची दोरी), खाली शिसं, एक गळ आणि त्याला कोळंबी. आता प्रत्येकाच्या हातात सात फुटी रॉड आणि त्याला प्लॅस्टिकचा खोटा मासा. त्या खोट्या माशाला पोटाशी एक आणि शेपटीशी एक ट्रेबल (तीन टोकांचा गळ), म्हणजे एकूण सहा टोकं. सहा टोकं हवेत फिरवणारी चार माणसं सहा फूट रुंदीच्या होडीत उभी असली की काय होतं ते सांगायला नको.

तर आमच्या धंद्यातली दुखणी ठरलेली: गळ घुसणं, शिंगाळ्याचा विषारी काटा टोचणं, सुरीने कापणं, पाय मुरगळणं, ऊन आणि ओकाऱ्या. पेटी चांगली की वाईट हे यावरूनच ठरवायचं.

किंमत चोवीसशे रुपये. केशरी डबा, झाकणावर नांगराचं चित्र, खाली 'बोट, यॉट व मासेमारीसाठी' आणि मोठ्या आकड्यात '११५ वस्तू'. मोजल्या. बरोबर ११५ आहेत. त्यातल्या साठ म्हणजे बोटाला लावायच्या चिकटपट्ट्या, वीस म्हणजे अँटिसेप्टिकचे पुसायचे कागद, आणि सेफ्टी पिनासुद्धा एकेक करून मोजलेल्या. राहिलेल्यात एक क्रेप बँडेज, दोन गॉजचे रोल, गॉजच्या घड्या, कापसाची गुंडाळी, कागदी टेप, छोटी कात्री, प्लॅस्टिकचा चिमटा, हातमोज्यांच्या दोन जोड्या, दाबली की गार होणारी पिशवी, चकाकणारं ब्लँकेट, शिट्टी आणि सोळा पानांची इंग्रजी पुस्तिका. पुस्तिकेत साप चावल्यावर काय करावं ते आहे, वीज पडल्यावर काय ते आहे, हिमदंशावर तर अख्खं पान आहे. रेवदंड्याला हिमदंश! गळाबद्दल एक ओळ नाही. मासेमारीसाठी म्हणून विकताय, तर निदान गळ कसा काढायचा त्याचं एक चित्र तरी द्यायचं.

चिकटपट्ट्यांचं सांगतो. माशाचा चिकट बुळबुळीत थर लागलेल्या ओल्या हातावर यातली एकही पट्टी टिकत नाही. हात गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून लावली तर टिकते, पण पुढच्या वेळी दोर ओढला की गेली. त्यातून पेटी सीटखालच्या कप्प्यात राहते, तिथे एप्रिल-मेमध्ये इतकं तापतं की पट्ट्यांचा डिंक वितळून कागदाला चिकटतो. पुसायचे कागदही एक उन्हाळा संपेपर्यंत पाकिटातच वाळून पापड झाले. कात्रीवर 'स्टेनलेस' छापलंय. पहिल्या पावसाआधीच सांध्यावर तांबडी झाली, आणि मुळात ती गॉज कापायची कात्री, जाड तंगूस तिच्या पात्यांत दुमडतो, कापला जात नाही. चिमटा प्लॅस्टिकचा, शिंगाळ्याच्या काट्याचं मोडकं टोक धरायला गेलं की वाकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू, गळ कापायला कटर, ती नाहीच.

गेल्या हंगामात ठाण्याचे एक गृहस्थ आले होते. चांगला तीनेक किलोचा जिताडा होडीला लागला, भाचा जाळं खाली घालतोय तोवर यांनी उत्साहात वाकून दोरी हाताने धरली. माशाने डोकं झटकलं. पोटाचा ट्रेबल माशाच्या जबड्यात होताच, शेपटीचा यांच्या अंगठ्याच्या मुळाशी बसला. म्हणजे एकाच खोट्या माशाला एका बाजूने मासा आणि दुसऱ्या बाजूने माणूस, आणि मासा जिवंत. अशा वेळी लोक हाताकडे धावतात. पहिलं काम माशाचं असतं. भाच्याने ओलं गोणपाट टाकून मासा तळाला दाबून धरला, मी कटरने माशाकडचा ट्रेबल तोडला, मासा बाजूला झाला. मग खोटा मासा आणि हातातला गळ यांना जोडणारी कडी तोडली. आता हातात फक्त ट्रेबल राहिला, एक टोक आत आणि दोन बाहेर. बाहेरची दोन टोकं तशीच ठेवली तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी बोटात जातात, बहुतेक वेळा मदत करणाऱ्याच्याच. तीही तोडली. तोडताना वर फडकं धरायचं आणि सगळ्यांनी तोंडं फिरवायची, कारण पोलादाचं तुटलेलं टोक गोळीसारखं उडतं.

ते आतलं टोक मी काढलं नाही. अंगठ्याच्या मुळाशी शिरा, नसा, सांधा सगळं दाटीवाटीने असतं आणि गळ चांगला खोल गेला होता. शिवाय सकाळी धक्क्यावर विचारलं तेव्हा गृहस्थांनी रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं सांगितलं होतं. गॉजच्या रोलची चुंबळ करून गळाच्या भोवती बसवली, म्हणजे वरून दाब येणार नाही, आणि वर क्रेप बँडेज. इथे मात्र पेटीला मार्क द्यायला हवेत: गॉज दाट विणीचा आहे, धागे सुटत नाहीत, आणि क्रेप बँडेज खरोखर चांगलं, ओलं झालं तरी धरून राहिलं. हात छातीशी उंच ठेवायला लावला आणि मशीन चालू केलं. धक्क्यावरून अलिबाग सतरा-अठरा किलोमीटर. डॉक्टरांनी बधिर करून गळ पुढे ढकलला, टोक कातडीबाहेर आलं तेव्हा उलटा काटा (टोकामागचा, गळ मागे निघू न देणारा) कापला आणि बाकीचा गळ आला त्या वाटेने मागे घेतला. ही रीत बधिर केल्याशिवाय होडीत करायची नसते. जिताडा बर्फात टाकलेला होता, तो गृहस्थ घरी घेऊन गेले.

साधा एकेरी गळ, हाताच्या किंवा दंडाच्या मांसल भागात उथळ बसलेला असेल तर दोरीची रीत आहे. मी ती जहाजावर पाहिली. नांगरावर असताना पोरं मागून गळ टाकायची, कोणाला लागला की सेकंड ऑफिसर काढायचा. पुढे कळलं की १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली होती. करायचं असं: तंगूस दुहेरी करून गळाच्या बाकात, अगदी कातडीलगत, घालायचा. दोन्ही टोकं आपल्या मुठीला गुंडाळायची. माणसाचा हात होडीच्या फळीवर घट्ट टेकवायचा. दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाची दांडी कातडीकडे खाली दाबायची आणि किंचित मागे ढकलायची, म्हणजे उलटा काटा अडकलेल्या मांसातून मोकळा होतो. आणि मग कातडीला समांतर, दांडीच्या दिशेने, एकच झटका. मन लावून, न कचरता. हळू ओढलंत तर काटा परत रुततो आणि माणूस पुन्हा हात देत नाही. गळ सुटतो तो उडून जातो, म्हणून त्या दिशेला कोणी उभं राहायचं नाही. बारीक धागा घेऊ नका, बोट कापतो. चाळीस-पन्नास पौंड वजन पेलणारा तंगूस बरा. यासाठी पेटीत हातभर जाड तंगूस लागला असता, दहा रुपयांचाही नाही.

कानाच्या पाळीला ही रीत चालत नाही, पाळी हलते. ट्रेबलची दोन टोकं आत असतील तर नाही. सांध्यावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, मानेवर, ओठावर नाही. आणि डोळ्याजवळ तर हातच लावायचा नाही. पापणीला लागला तरी आत डोळ्यापर्यंत गेलाय की नाही हे आपल्याला बाहेरून कळत नाही. चहाचा कागदी पेला उलटा करून डोळ्यावर ठेवायचा, कडा हाडावर टेकतील आणि गळाला काहीच लागणार नाही असा, तो टेपने धरायचा. चोळू द्यायचं नाही, डोकं जरा उंच, काही खायला-प्यायला देऊ नये कारण ऑपरेशन लागू शकतं, आणि थेट हॉस्पिटल. कंपनीने साठ पट्ट्यांऐवजी तीस देऊन डोळ्यावर ठेवायची प्लॅस्टिकची एक वाटी टाकली असती तरी मी चार तारे दिले असते. माझ्या होडीत आता नियमच केलाय, रात्र सोडून चष्मा किंवा गॉगल घातल्याशिवाय रॉड हातात मिळत नाही. एकदोघे कुरकुरतात. कुरकुरू देत.

गार होणाऱ्या पिशवीबद्दल. मुरगळलेल्या पायाला छान, खरंच लगेच गार होते आणि वीसेक मिनिटं टिकते. पण पिशवीवर 'दंश' असंही छापलंय आणि ते वाचून कोणी ती शिंगाळ्याच्या काट्याला लावेल, त्याची मला धास्ती आहे. शिंगाळा आणि पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) यांच्या काट्याला उलटं, गरम पाणी लागतं. सोसेल इतपत गरम, ४५ अंशांच्या वर नाही, आणि त्यात हात अर्धा ते दीड तास. कळ पाण्यात घातल्याबरोबर उतरायला लागते. पाणी ज्याला काटा लागलाय त्याने तपासायचं नाही, त्याला त्या हाताचं काही कळत नसतं. दुसऱ्याने कोपर घालून बघायचं. आम्ही चहाचा एक आणि साध्या गरम पाण्याचा एक असे दोन थर्मास नेतो. पाकटाचा काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच आधार देऊन न्यायचा. हे सगळं मी इथे लिहितोय कारण पुस्तिकेत नाही.

आता डब्याची बाजू, कारण पाच तारे उगीच दिलेले नाहीत. झाकणाला रबराची कडी बसवलेली आहे, दोन्ही बाजूंनी खटके आहेत. आत टिश्यू पेपर ठेवून, खटके लावून, धक्क्यावरून दोरी बांधून डबा खाडीत टाकला. तरंगला. भरती येऊन ओसरेपर्यंत ठेवला, टिश्यू कोरडा. रबराला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं, नाहीतर खारट पापुद्रा धरतो. बिजागरीची पिन पितळी आहे, गंजत नाही. ओल्या हातांनी, अंधारात, एका हाताने उघडतो. केशरी रंग असा की कप्पा उघडल्याबरोबर दिसतो. भाच्याने झाकणाच्या आत मार्करने १०८ आणि कोस्ट गार्डचा १५५४ हे नंबर लिहिलेत. ते कंपनीनेच छापायला हवे होते, नांगराच्या चित्राच्या जागी.

आता माझ्या डब्यात काय आहे ते सांगतो. आठ इंची छोटा बोल्ट कटर, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला. साधा साइड कटर लहान गळांना पुरतो, पण सुरमईच्या जाड ट्रेबलवर त्याच्याच धारेला खाचा पडतात. कटर घेतानाच दुकानात आपला सगळ्यात जाड गळ घेऊन जा आणि तिथेच तोडून बघा. दुकानदार हसेल, हसू दे. लांब नाकाचा पक्कड. सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, कारण जखमेला पहिली गरज भरपूर स्वच्छ पाण्याने धुण्याची असते आणि समुद्राचं पाणी त्यासाठी चालत नाही. बीटाडीन. पोलादी चिमटा. कापडी टेप. क्रेप बँडेज चार. ओआरएसच्या पुड्या. उलटीची गोळी, ती मात्र निघण्याआधी घेतली तर उपयोग. खाडीच्या तोंडाशी होडी डोलायला लागल्यावर घेतलेली गोळी त्याच वाटेने बाहेर येते. कापूस काढून टाकलाय, जखमेत तंतू चिकटतात. आमच्याकडे जखमेत हळद दाबायची जुनी सवय आहे, माझी आईसुद्धा दाबायची. पण गळाने पडलेलं भोक बारीक आणि खोल असतं, वरून बुजवलं की घाण आतच राहते आणि डॉक्टरला ती पिवळी लगदी आधी उपसावी लागते.

वरचा सगळा खर्च कटरसकट डब्याच्या किमतीपेक्षा कमी झाला.

गळ निघाला म्हणजे संपलं असं नसतं, आणि इथे कुठलीच पेटी कामाची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांच्या वर झाली असतील तर अशा घाणेरड्या जखमेनंतर परत घ्यावं लागतं. कधी घेतलं ते आठवत नाही असं सांगणारे सर्वात जास्त, त्यांनी डॉक्टरला तसंच सांगावं. कोमट खाऱ्या पाण्यात जखमेतून शिरणारे काही जंतू फार वेगाने पसरतात. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्याला जास्त धोका. दुसऱ्या दिवशी हात सुजून लाल झाला, ताप आला, फोड आले तर 'उद्या बघू' करायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. याच्या उलट एक जंतू असा की आठवड्यांनी जखमेच्या जागी गाठ आणतो, तोवर माणूस गळ विसरलेला असतो. डॉक्टरला समुद्राच्या पाण्यात लागलं होतं हे आवर्जून सांगायचं, औषध त्यावरून ठरतं. म्हणून मी धक्क्यावर चारच प्रश्न विचारतो: साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची अॅलर्जी, शेवटचं इंजेक्शन कधी. लोकांना वाटतं होडीवाला एवढी चौकशी का करतोय.

आणखी एक फुकटचा उपाय. निघण्याआधी पक्कडीने प्रत्येक गळाचा उलटा काटा चेपून टाका. मासा सुटेल म्हणतात. दोरी ताणलेली ठेवली तर सहसा सुटत नाही, आणि बोटात घुसलाच तर आला तसा मागे निघतो. ट्रेबल काढून एकेरी गळ लावले तर अजूनच बरं. नियमित येणाऱ्यांपैकी निम्मे आता चेपतात. नवीन येणारे नव्या कोऱ्या महागड्या खोट्या माशाला पक्कड लावायला तयार होत नाहीत, त्यांच्यासाठी कटर आहेच.

कंपनीला हे सगळं थोडक्यात लिहिलं होतं. उत्तर सभ्य आलं: अभिप्राय डिझाइन टीमकडे पाठवला आहे, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत. चिकटपट्ट्यांवर सवलत घेऊन मी काय करू? उलट विचारलंय की हाच डबा रिकामा विकाल का, किती पडेल. अजून उत्तर नाही. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते आणि मीही होडी वर घेतो, तोवर कळवलं तर दोन घेईन, एक औषधांना आणि एक लोकांच्या मोबाइल-पाकिटांना.